गव्हर्नर ७३ टक्क्यांनी निवडून आला, त्यात बातमी काय?

मेपलवाडीकर (धागाकर्ता) • ८ नोव्हेंबर २०२४

मंगळवारी रात्री अमेरिकेचा अध्यक्ष कोण होणार म्हणून सगळं जग पेनसिल्व्हेनियाकडे डोळे लावून बसलं होतं. आमच्या व्हरमाँटमध्ये, अमेरिकेतल्याच एका छोट्या राज्यात, गव्हर्नरपदाचा निकाल मतदान संपल्यासंपल्याच सांगून झाला होता. फिल स्कॉट, रिपब्लिकन, सलग पाचव्यांदा. ७३ टक्क्यांच्या वर मतं. समोरच्या डेमोक्रॅट एस्थर चार्ल्स्टिन यांना २२ टक्क्यांच्या आसपास. आणि त्याच मतपत्रिकेवर, त्याच मतदारांनी, अध्यक्षपदासाठी कमला हॅरिसना ६३ टक्के आणि सिनेटसाठी डाव्या विचारांच्या बर्नी सँडर्सना तेवढीच मतं दिली.

म्हणजे घरटी हिशेब मांडला तर शेजारच्या तीन घरांपैकी एकाने तरी वर हॅरिस, मध्ये सँडर्स आणि खाली स्कॉट असा गोल काळा केला असणार. मी त्यातलाच एक. (आमच्याकडे मतपत्रिका पोस्टाने घरी येते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहा पीत मतदान केलं. बायकोने माझी मतपत्रिका बघितली नाही, पण चेहरा बघितला.)

राज्य केवढं, तर लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आत. आपल्या सिंधुदुर्गाची २०११ ची शिरगणती साडेआठ लाखांची आहे. तर या सिंधुदुर्गापेक्षा लहान राज्यात दर दोन वर्षांनी गव्हर्नर निवडतात. दोन वर्षांची मुदत आता फक्त आमच्याकडे आणि शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये उरली आहे. स्कॉट २०१६ मध्ये आला, २०१८ मध्ये ५५ टक्के, २०२० मध्ये ६८, २०२२ मध्ये ७१, आता ७३. सत्तेत बसल्यावर माणसाची मतं झिजतात असा आपला अनुभव. हा गडी दर खेपेला वर चढतोय.

पण मला धागा काढावासा वाटला तो याच्यासाठी नाही. आठ वर्षं मी स्कॉटला मत देत होतो आणि विधिमंडळात डेमोक्रॅट पाठवत होतो. यंदा पहिल्यांदा खालीही हात बदलला. का, ते सांगतो, पण आधी चहा.

---

तात्या_घाटावरचा • ८ नोव्हेंबर

आमच्याकडे २० तारखेला विधानसभेचं मतदान आहे, दारावर रोज चार पक्षांचे कार्यकर्ते येतायत, आणि तुम्ही कुठल्या व्हरमाँटचं घेऊन बसलात!

असो. बेसिक प्रश्न. राज्यपाल निवडून कसा येतो? आमच्याकडे तर दिल्लीहून येतो.

---

मेपलवाडीकर • ८ नोव्हेंबर

तात्या, म्हणूनच मी राज्यपाल शब्द वापरत नाही. आईला फोनवर पहिल्यांदा सांगितलं की "राज्यपालाला मत देऊन आलो", तर ती म्हणाली, "अरे देवा, तिकडे राजभवनातही निवडणूक?" कामाच्या दृष्टीने तो आपला मुख्यमंत्रीच. फक्त तो आमदारांमधून येत नाही, लोक थेट निवडतात. त्यामुळे विधिमंडळात बहुमत एका पक्षाचं आणि गव्हर्नर दुसऱ्याच पक्षाचा, असं सर्रास होतं.

---

वकीलसाहेब • ८ नोव्हेंबर

थोडं अवांतर, पण तात्यांचा प्रश्न वाटतो तितका बेसिक नाही. आपलाही राज्यपाल जनतेने थेट निवडायचा असंच आधी ठरत होतं. १९४७ मध्ये प्रांतांच्या घटनेसाठी सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखाली समिती होती, तिची शिफारस प्रौढ मतदानाने राज्यपाल निवडावा अशीच होती. घटनेच्या मसुद्यातही तो पर्याय होता. मे १९४९ अखेर घटना समितीने तो काढला आणि राष्ट्रपतींकडून नेमणूक आली, आजचं कलम १५५. मुख्य भीती ही की लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री आणि लोकांनीच निवडलेला राज्यपाल एकाच राज्यात बसले तर दोघेही म्हणणार, जनता माझ्या मागे आहे.

धागाकर्ते सांगतायत ते नेमकं हेच भांडण आहे. फक्त तिथे दुसऱ्या बाजूला मुख्यमंत्र्याऐवजी अख्खं विधिमंडळ आहे.

---

शमा_७८ • ८ नोव्हेंबर

वकीलसाहेब, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

मेपलवाडीकर, चहा झाला असेल तर पुढे लिहा. आणि हा स्कॉट इतका लोकप्रिय का? नुसते टक्के नकोत.

---

मेपलवाडीकर • ९ नोव्हेंबर

लिहितो.

मूळचा बॅरी गावचा. ग्रॅनाइटच्या खाणींसाठी प्रसिद्ध गाव. राजकारणात येण्याआधी आणि आल्यावरही बांधकामाची कंपनी चालवत होता, आणि गावाजवळच्या थंडर रोड नावाच्या ट्रॅकवर मोटारींच्या शर्यतीत उतरायचा, १४ नंबरची गाडी. गव्हर्नर झाल्यावरही उतरायचा. इथले लोक शर्यत बघायला जातात तेव्हा "गव्हर्नर आला" म्हणत नाहीत, "फिल कितवा आला" म्हणतात.

पण गाडी चालवून ७३ टक्के मिळत नाहीत. मला आठवतात त्या तीन गोष्टी.

२०१८. फेअर हेवन गावच्या शाळेत गोळीबाराचा कट वेळीच उघडकीला आला. तोपर्यंत स्कॉट बंदुकीच्या कायद्यांना हात लावायचा नाही अशा मताचा. पोलिसांचा तपशील वाचला आणि मत बदललं. एप्रिलमध्ये माँटपीलियरला, म्हणजे आमच्या राजधानीत, विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभं राहून बंदुकांवर निर्बंध घालणाऱ्या कायद्यावर सही केली, समोर त्याचेच मतदार त्याला गद्दार म्हणून ओरडत होते. त्या वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीत एका किराणा दुकानदाराने त्याची जवळजवळ एक तृतीयांश मतं खाल्ली. नोव्हेंबरातले ५५ टक्के हेच त्याचे बसल्या खुर्चीवरचे सर्वांत कमी.

२०२०, करोना. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पत्रकार परिषद, आरोग्य आयुक्त शेजारी, एकही आवाज चढलेला नाही. त्याच नोव्हेंबरात त्याने जाहीर सांगितलं की मी बायडनना मत दिलं. परवा मतदान करून बाहेर आल्यावर सांगितलं, हॅरिसना दिलं. रिपब्लिकन गव्हर्नर, लक्षात घ्या. रिपब्लिकन उमेदवारीच्या लढतीत त्याने जानेवारीतच ट्रम्पच्या प्रतिस्पर्धी निकी हेलींना पाठिंबा दिला होता, आणि मार्चमध्ये ट्रम्पना हरवून हेली जे एकमेव राज्य जिंकल्या ते हेच.

आणि पूर. जुलै २०२३ मध्ये माँटपीलियरचा बाजार पाण्याखाली गेला. बरोबर वर्षाने, त्याच तारखांना, पुन्हा पूर. दोन्ही वेळा हा माणूस चिखलात उभा राहून माहिती देताना दिसला. मदत पुरेशी पोचली का, हा वेगळा विषय. पण दिसला.

---

बोरकूट • ९ नोव्हेंबर

चिखलात उभं राहून फोटो काढायला आमचेही येतात. 😀

---

चार्ल्सकाठी • ९ नोव्हेंबर

बॉस्टनहून. हा प्रकार एकट्या व्हरमाँटचा नाही. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ ला चार्ली बेकर, तोही रिपब्लिकन, गव्हर्नर म्हणून ६६ टक्क्यांच्या वर मतं घेऊन आला. त्याच मतपत्रिकेवर सिनेटसाठी डाव्या डेमोक्रॅट एलिझाबेथ वॉरन ६० टक्क्यांनी. म्हणजे गंमत बघा, राज्यातल्या दोन टोकाच्या दोन नेत्यांना एकाच दिवशी दणदणीत बहुमत. २०१४ मध्ये हाच बेकर जेमतेम दोन टक्क्यांच्या फरकाने आला होता.

यामागे एक साधं गणित आहे असं मला वाटतं. न्यू इंग्लंडचा, म्हणजे आमच्या या ईशान्येकडच्या राज्यांचा, मतदार विधिमंडळात डेमोक्रॅटांना भरभरून निवडतो आणि मग त्यालाच भीती वाटते की हे आता खर्च करत सुटतील. म्हणून वर तिजोरीवर बसायला एक चिक्कू माणूस ठेवतो. घरात उधळी सासू असली की किल्ल्या मामांकडे.

आणि याची दुसरी बाजूही परवाच दिसली. मेरीलँडचा लॅरी होगन आठ वर्षं असाच लोकप्रिय रिपब्लिकन गव्हर्नर होता. यंदा सिनेटला उभा राहिला आणि अँजेला अल्सोब्रुक्सकडून साधारण १२ टक्क्यांनी हरला. माणूस तोच, मतदार तेच. गव्हर्नर म्हणून चालतो, पण वॉशिंग्टनला पाठवला की तो तिथे पक्षाच्या डोकेमोजणीत धरला जातो, हे लोकांना बरोबर कळतं.

---

तात्या_घाटावरचा • ९ नोव्हेंबर

किल्ल्या मामांकडे 👏

चार्ल्स्टिनबाईंचं डिपॉझिट तरी वाचलं का?

---

आकडेमोड • ९ नोव्हेंबर

तात्या, तिकडे डिपॉझिटची पद्धत नाही. आपल्या नियमाने बघायचं तरी एकषष्ठांश, म्हणजे १६.६७ टक्के लागतात. बाईंना २२ आहेत. वाचलं.

थट्टा सोडा, त्यांच्याबद्दल दोन शब्द. हैतीहून आलेल्या आईवडिलांची मुलगी, मिडलबरी गावच्या निवडून आलेल्या मंडळावर होत्या. माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन (हो, तेच २००४ ला अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी धावलेले) उभे राहणार अशी वसंतात हवा होती, त्यांनी मे महिन्यात नाही म्हटलं. व्हरमाँटमध्ये पदावर असलेला गव्हर्नर शेवटचा हरला तो १९६२ मध्ये, रे कीझर. त्याला हरवणारा फिलिप हॉफ हा तिथला शंभराहून अधिक वर्षांतला पहिला डेमोक्रॅट गव्हर्नर. तेव्हापासून एकही हरलेला नाही. हे माहीत असताना पैसे, वर्ष आणि अब्रू घालवायला कोण मोठा माणूस पुढे येणार? जो येतो त्याच्याकडे निधी नसतो, म्हणून तो हरतो, आणि मग गव्हर्नर आणखी अजिंक्य दिसतो.

लोकप्रिय माणसाच्या निवडणुकीत हरणारा उमेदवार पन्नास वेळा विचारलेल्या प्रश्नालाही नवीन उत्तर देत असतो आणि ऐकायला कुणी नसतं. बाईंनी निदान मतपत्रिकेवर दुसरं नाव ठेवलं.

---

शमा_७८ • १० नोव्हेंबर

मला हे सगळं वाचून एक शंका आहे, राग मानू नका. या माणसाने आठ वर्षांत केलं काय? पूर आला तेव्हा दिसला, करोनात शांत बोलला, शर्यतीत धावला. सही केलेला एक कायदा सांगितलात, तो विधिमंडळाने केलेला. बाकी?

---

मेपलवाडीकर • १० नोव्हेंबर

शमाताई, नेमकं बोट ठेवलंत. त्याचं मुख्य काम "नाही" म्हणणं. नकाराधिकार त्याने पन्नासहून जास्त वेळा वापरला आहे. आधीचा राज्यातला विक्रम हॉवर्ड डीनचा होता, २१, आणि डीन अकरा वर्षांहून जास्त पदावर होता.

पण २०२२ नंतर विधिमंडळात डेमोक्रॅट आणि त्यांचे मित्र मिळून दोनतृतीयांशांच्या वर गेले. म्हणजे याने नाही म्हटलं की ते पुन्हा मतदान घेऊन त्याचा नकार उडवून लावायचे.

आता माझी घरपट्टी. आमच्याकडे शाळेचा खर्च मुख्यतः घरपट्टीतून येतो. शाळेचं अंदाजपत्रक मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावचे लोक मत देऊन मंजूर करतात. आपली ग्रामसभाच, फक्त लोक खरोखर येतात. पण पैसा जमा होतो राज्याच्या एका हंड्यात. १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की श्रीमंत गावच्या पोराला चांगली शाळा आणि गरीब गावच्याला पडकी हे चालणार नाही, तेव्हापासून. हेतू उत्तम. परिणाम असा की माझ्या गावाने हात आखडता घेतला तरी बाकीच्यांनी सैल सोडला तर माझं बिल वाढतं.

यंदा करोनाकाळातला केंद्राचा पैसा संपलेला, शिक्षकांचा आरोग्यविमा महागलेला, इमारती जुन्या, पोरं कमी होत चाललेली. मार्चमध्ये राज्यातल्या साधारण एकतृतीयांश शाळांची अंदाजपत्रकं लोकांनी फेटाळली. असं कधी होत नाही. तरीही शेवटी घरपट्टीत सरासरी १३.८ टक्के वाढ ठरली. स्कॉटने त्या विधेयकाला नकार दिला, जूनमध्ये विधिमंडळाने तो नकार उडवला. त्याच्या आदल्या वर्षी पाळणाघरांसाठी पगारावर ०.४४ टक्क्यांचा नवा कर, तोही असाच नकार उडवून. (तो कर मला स्वतःला पटतो. आमच्या दोन पोरांच्या पाळणाघराला आम्ही काय मोजलं ते आम्हालाच ठाऊक.)

बिल आलं तेव्हा बायकोने विचारलं, "हे दोन वर्षांचं एकदम पाठवलंय का?"

शरदात स्कॉट पहिल्यांदाच स्वतःची पुण्याई खाली वाटायला निघाला. विधिमंडळाच्या रिपब्लिकन उमेदवारांच्या शेजारी उभा राहिला, म्हणाला, मला तोल सांभाळायला माणसं द्या. दिली लोकांनी. राज्याच्या तीस जणांच्या सिनेटमध्ये (वरचं सभागृह) रिपब्लिकन ७ वरून १३. दीडशेच्या खालच्या सभागृहात ५६. दोनतृतीयांश गेले. ज्या राज्यात ट्रम्पना एकतृतीयांशही मतं नाहीत तिथे, त्याच दिवशी. माझी बातमी ही आहे.

---

शमा_७८ • १० नोव्हेंबर

मग मी माझं म्हणणं नीट मांडते. त्याची लोकप्रियता विरोधकांनी पोसली.

बघा ना. कर वाढवायचा नाही म्हणून तो नाही म्हणतो. विधिमंडळ त्याला ओलांडून कर लावतं. शाळा चालू राहते, शिक्षकांचे पगार होतात, पाळणाघरांना पैसे मिळतात. आणि बिलाचा राग कुणावर? विधिमंडळावर. स्कॉटला दोन्हीकडून फायदा. त्याचा नकार खरोखर टिकला असता आणि जुलैत शाळांना पैसे कमी पडले असते, तर कळलं असतं ७३ टक्के कुठे राहतात ते.

माझे सासरे असेच होते. घरात कुठल्याही खर्चाला "नको" म्हणायचे. सासूबाई गुपचूप करायच्या. फ्रीज आला, शिवणयंत्र आलं, नणंदेचं शिक्षण झालं. गावात नाव कुणाचं? "अण्णा फार हिशेबी, घर बघा कसं उभं केलं!"

---

चार्ल्सकाठी • १० नोव्हेंबर

शमा, हा प्रतिसाद चौकटीत घालून ठेवण्यासारखा आहे. पण बेकरच्या बाबतीत पूर्ण लागू नाही. २०१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये नऊ फुटांच्या आसपास बर्फ पडून लोकल गाड्या बंद पडल्या, तेव्हा त्याने कारभारासाठी वेगळं नियंत्रण मंडळ आणलं. ते त्याच्या गळ्यात होतं, यश आलं ते आणि नाही आलं तेही. गाड्यांच्या तक्रारी शेवटपर्यंत त्याच्याच नावावर राहिल्या. तरी टक्के टिकले.

---

वकीलसाहेब • ११ नोव्हेंबर

शमाताईंचा मुद्दा संस्थात्मक आहे, व्यक्तीचा नाही. ज्या पदाला अडवण्याचा अधिकार आहे पण अडवलेलं टिकवण्याची ताकद नाही, त्या पदावरच्या माणसाला फुकटात तत्त्वनिष्ठ होता येतं. आता दोनतृतीयांश गेल्यामुळे त्याचा प्रत्येक नकार खरा होणार. पुढची दोन वर्षं बघण्यासारखी आहेत.

---

बोरकूट • ११ नोव्हेंबर

सगळे इतके शहाण्यासारखं बोलतायत की धाग्यावर भांडणच होईना. ट्रम्पवर कुणी बोला की.

---

आकडेमोड • ११ नोव्हेंबर

त्याचे चार धागे शेजारी पेटलेत, तिकडे शेकोटी घ्या.

इथे एक भर. उपगव्हर्नरची निवडणूक कुणी बघितली का? व्हरमाँटमध्ये तो वेगळा निवडतात. आत्ता पदावर डेव्हिड झुकरमन, शेतकरी, डाव्या गटाचे. २०२० मध्ये स्कॉटच्या विरोधात उभे राहून हरलेले हेच, आणि २०२२ मध्ये त्याच स्कॉटचे उपगव्हर्नर झालेले हेच. यंदा ते मागे पडले. पुढे आहेत जॉन रॉजर्स, डेमोक्रॅट म्हणून विधिमंडळात वर्षानुवर्षं बसलेले आणि आता रिपब्लिकन. पण दोघांपैकी कुणालाही ५० टक्के नाहीत. तिथल्या घटनेप्रमाणे अशा वेळी निवड विधिमंडळ करतं.

---

तात्या_घाटावरचा • ११ नोव्हेंबर

म्हणजे हरलेला पक्ष जिंकलेल्याला बसवायचं की नाही ते ठरवणार? आता जरा ओळखीचं वाटायला लागलं. रिसॉर्ट बुक झालं का?

---

मेपलवाडीकर • १२ नोव्हेंबर

तात्या 😀 व्हरमाँटच सगळं रिसॉर्ट आहे, पण तसं होत नाही. २०१४ मध्ये खुद्द गव्हर्नरच्या बाबतीत हे झालं होतं. पीटर शमलिन, पदावर असलेला डेमोक्रॅट, सव्वा टक्क्याने पुढे पण पन्नाशीच्या खाली. जानेवारीत विधिमंडळाने ११० विरुद्ध ६९ मतांनी त्यालाच निवडलं. ज्याला जास्त मतं त्याला बसवायचं, अशी रूढी आहे. कायदा नाही, रूढी. मधल्या दोन महिन्यांत शमलिनने सर्वांसाठी सरकारी आरोग्यविमा आणायचा आपला मोठा बेत गुंडाळला. पदावर असलेला माणूस कागदावर हरला नाही, पण त्याचा दम गेला. पुन्हा उभा राहिलाच नाही, आणि ती जागा स्कॉटला मिळाली.

---

मेपलवाडीकर • २६ जानेवारी २०२५

धागा वर काढतोय, दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या.

एक, विधिमंडळाने रूढी पाळली. दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅटांचं बहुमत असून रॉजर्सना निवडलं. रिसॉर्ट रिकामं राहिलं, तात्या.

दोन, या आठवड्यात स्कॉटने शाळांचा आराखडा मांडला. राज्यात ११९ शाळा-जिल्हे आहेत, त्यांचे पाच करायचे. प्रत्येक मुलामागे किती पैसे ते राज्याने ठरवायचं. गावच्या मंडळाचा अधिकार बराचसा जाणार. पोरं कमी असलेल्या डोंगरातल्या शाळांचं काय होणार, हे सगळे विचारतायत. बायको गावच्या शाळेत मुलांना वाचून दाखवायला जाते, तिथे गेल्या आठवड्यापासून दुसरा विषय नाही.

शमाताई, तुमच्या सासऱ्यांनी कधी स्वतःहून एखादी वस्तू घ्यायची ठरवली होती का? तेव्हा घरात काय झालं?

---

शमा_७८ • २७ जानेवारी

एकदाच. १९८९ मध्ये स्कूटर. सासूबाई म्हणाल्या, "नको." सहा महिने अंगणात ताडपत्रीखाली होती.

---

तात्या_घाटावरचा • २७ जानेवारी

मग चालवली कुणी?

---

शमा_७८ • २७ जानेवारी

नणंदेने.